आवाजाची सावकारी

उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची, हा समाजवादी विचाराचा आद्य प्रश्न. जमीन, गिरणी, पाणी आणि वीज यांच्या संदर्भात तो वारंवार विचारला गेला व त्यावर लढेही झाले. परंतु स्मृतीची साधने कोणाच्या मालकीची, हा प्रश्न व्यासपीठावर क्वचितच येतो. ज्या समाजाचा इतिहास दप्तरात नसून कंठात आहे, त्याचा आवाज ज्या यंत्रात व ज्या प्रणालीत साठविला गेला, त्या प्रणालीचा मालक हा त्या इतिहासाचाही मालक होऊन बसतो. संगणकावर ध्वनीचे संकलन, शुद्धीकरण व मिश्रण करणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरच्या वारशाकडे म्हणूनच केवळ तंत्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय म्हणून पाहता येणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी उभे राहून पाहिले, तर तो सरळसरळ मालकीहक्काचा प्रश्न आहे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ६९ टक्क्यांहून अधिक आहे. पावरी, देहवाली, मावची या येथील आदिवासींच्या भाषा. सपाटीवर त्यांच्या जोडीला अहिराणी. या भाषांतील लेखन गेल्या काही दशकांत देवनागरीत होऊ लागले आहे, आणि वाहरू सोनवणे यांच्यासारख्या कवीने आदिवासींचे दुःख आदिवासींनीच मांडावे हा आग्रह मराठी साहित्याच्या दारात ठामपणे नेला आहे. तरीही या समाजाचा ज्ञानसाठा अद्याप मुख्यतः मौखिकच आहे. इंदलच्या रात्रभर चालणाऱ्या गायनात, काठीच्या होळीत, लग्नाच्या व शेतीच्या गाण्यांत कुळांच्या वाटचाली, डोंगरांची नावे, पिकांची लक्षणे आणि जुन्या भांडणांचे निवाडे सांगितले जातात. त्याला लोककला हे गोड नाव देऊन महोत्सवाच्या मंडपात बसविणे सोपे आहे. वास्तविक ते या समाजाचे दप्तर आहे.

हे दप्तर किती ठोस आहे, याची साक्ष खुद्द कायदाच देतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जे नियम २००८ मध्ये झाले, त्यांतील नियम १३ मध्ये ग्राह्य पुराव्यांची यादी आहे. आणि दावेदारांव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी उतरवून घेतलेले निवेदन हा त्या यादीतला एक पुरावा आहे. याचा अर्थ असा की म्हाताऱ्याच्या तोंडचा शब्द जमिनीच्या तुकड्याइतका मोलाचा ठरतो. पण निवेदन लेखी उतरविले की त्यातील पावरी वा देहवाली शब्द कारकुनाच्या मराठीत विरघळून जातात. कोणत्या नाल्यापासून कोणत्या झाडापर्यंत, हे मूळ आवाजात सांगितलेले ज्याच्याजवळ आहे, त्याचा दावा अपिलात अधिक भक्कम उभा राहील. आवाज जपणे ही सांस्कृतिक हौस नव्हे. भाकरीच्या लढ्याचेच ते एक अंग आहे.

या पार्श्वभूमीवर एक विसंगती नीट ध्यानात घ्यावी. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्ये निघाला. त्यात भिल्ल भाषा व खानदेशी यांचा समावेश आहे. याच सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात देशातील अनेक भाषा व बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या तयार करण्यात आल्या. वसाहतवादी सरकारने आपल्या कारभाराच्या सोयीसाठी केलेले ते काम. परंतु लाखेच्या त्या तबकड्या आजही सुई ठेवली की बोलतात, आणि शिकागो विद्यापीठाच्या प्रकल्पातून त्यांचे आवाज कोणालाही ऐकता येतात. उलट १९९० च्या दशकात अत्याधुनिक म्हणून घेतलेल्या संगणकावर संकलित केलेल्या ध्वनीची फाइल आज उघडेलच, याची हमी कोणी देत नाही. शंभर वर्षांपूर्वीचे यंत्र उघडे होते. खाच आणि सुई यांच्यामध्ये कोणाचा परवाना उभा नव्हता. तीस वर्षांपूर्वीचे यंत्र बंद पेटी होते आणि पेटीची किल्ली परदेशातील मालकाच्या खिशात होती. प्रगती या शब्दाचा अर्थ लावताना ही गोष्ट विसरता कामा नये.

बंद पेटी म्हणजे काय, हे कार्यकर्त्यांना समजणे आवश्यक आहे. फितीच्या काळात संकलक पात्याने फीत कापत असे व चिकटपट्टीने जोडत असे. केलेले काम डोळ्यांना दिसत होते. संगणकावरील संकलनात मूळ आवाज एका ठिकाणी राहतो आणि कोठे कापले, कोठे आवाज चढविला, कोठे खरखर काढली, कोणता आवाज कोणत्या क्षणी सुरू होतो, याची नोंद दुसऱ्या फाइलमध्ये जाते. ही दुसरी फाइल म्हणजे सेशन. श्रमाचा सारा निचोड तीत असतो, आणि तीच नेमकी ज्याच्या त्याच्या खाजगी लिपीत लिहिलेली असते. डिजिडिझाइन या अमेरिकन कंपनीने १९८९ मध्ये साउंड टूल्स आणि १९९१ मध्ये प्रो टूल्स बाजारात आणले. तिच्या साउंड डिझायनर टू या फाइलप्रकारात तर आवाजाचा वेग वगैरे अत्यावश्यक माहिती मॅकिंटॉश संगणकाच्या एका विशिष्ट कप्प्यात ठेवलेली असे. अशी फाइल भोळेपणाने दुसऱ्या जातीच्या संगणकाच्या डिस्कवर नकलली की तो कप्पाच गळून पडे, आणि उरे तो आकड्यांचा मुका ढीग. त्या तंत्रज्ञाने कोणताही गुन्हा केलेला नसे. त्याने फक्त मालकाच्या अंगणाबाहेर पाऊल टाकलेले असे.

आता मालकांचा इतिहास पाहावा. डिजिडिझाइन १९९५ मध्ये ॲविडच्या ताब्यात गेली. ऑपकोड ही कंपनी गिब्सनने १९९८ मध्ये घेतली आणि पुढच्याच वर्षी तिचे काम थांबले. एमॅजिक ॲपलने २००२ मध्ये घेतली आणि तिच्या लॉजिक या प्रणालीची विंडोज आवृत्ती तत्काळ बंद केली. साउंड फोर्ज २००३ मध्ये सोनीकडे व २०१६ मध्ये मॅजिक्सकडे गेले. नुएंडो बनविणारी जर्मन स्टाइनबर्ग आधी पिनॅकलची, मग यामाहाची झाली. सर्वांत मोठी ती ॲविडदेखील २०२३ मध्ये सुमारे १४० कोटी डॉलरना एका गुंतवणूक कंपनीच्या घशात गेली. या प्रत्येक सौद्यात कंपनीचे नाव, ग्राहक आणि यादी यांची किंमत झाली. त्या प्रणालीत अडकून पडलेल्या आवाजांची किंमत कोणत्याही करारात झाली नाही. प्रो टूल्सच्या २०१३ मधील अकराव्या आवृत्तीने जुनी जोडउपकरणे एका फटक्यात निकामी केली. ॲपलने २०१९ मध्ये ३२ बिटांच्या साऱ्या जुन्या प्रणालींना दार बंद केले. स्टाइनबर्गच्या जुन्या प्रणाली संगणकाला लावायच्या एका छोट्या किल्लीवर चालत; त्या किल्लीमागील सेवा २०२५ मध्ये गुंडाळण्यात आली. किल्ली शाबूत असेल त्याचे काम चालेल. जिची मोडली वा हरवली, तिचा परवाना परत मिळण्याची वाट बंद झाली.

याहून मूलभूत बदल २०१३ मध्ये घडला. ॲडोबीने आपल्या प्रमुख सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या विकणे थांबवून त्या भाड्याने देण्याचे धोरण जाहीर केले, आणि इतरांनी कमीअधिक प्रमाणात तोच कित्ता गिरविला. २०१९ मध्ये तर याच कंपनीने जुन्या आवृत्त्या वापरण्याचा तुमचा परवाना संपला असून वापर चालू ठेवल्यास तिसऱ्या पक्षाकडून दावा होऊ शकेल, अशी पत्रे पैसे भरणाऱ्या ग्राहकांनाच धाडली. शहादे-तळोद्याच्या पट्ट्यात ज्यांनी १९७२ नंतरचे लढे पाहिले, त्यांना ही रीत अनोळखी वाटू नये. सावकाराकडे गहाण पडलेली जमीन आदिवासीच कसत होता; पीक त्याच्या घामाचे, पण कागद दुसऱ्याच्या पेटीत. आज ध्वनिसंकलक हा कूळ झाला आहे. खंड थकला की बांधावरून हुसकला जातो, आणि त्याने पिकविलेले पीकही शेतातच राहते. कसेल त्याची जमीन हे तत्त्व ज्यांनी मान्य केले, त्यांना संकलित करील त्याचा आवाज हे तत्त्व मान्य करण्यात अडचण कोणती?

खानदेशातील लहान स्टुडिओंचा वारसा या संदर्भात प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. शेजारच्या मालेगावात २००० साली ‘मालेगाव के शोले’ निघाला आणि लग्नाच्या व्हिडिओ-चित्रणाच्या साधनांवरही लोकांचा चित्रपट होऊ शकतो, हे सिद्ध झाले. कॅसेट मागे पडून सीडी व व्हीसीडी आली, तशी अहिराणी व आदिवासी गीतांची ध्वनिमुद्रणे तालुक्याच्या गावी होऊ लागली. हे ज्या साध्या प्रणालींमुळे शक्य झाले, त्यांत कूल एडिटचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. सिंट्रिलियम नावाच्या लहानशा अमेरिकन कंपनीची ती प्रणाली आधी चाखून मग पैसे देण्याच्या बोलीवर मिळत असे. सामान्य संगणकावर ती चाले आणि महिनाभरात शिकता येई. ॲडोबीने २००३ मध्ये ती १ कोटी ६५ लाख डॉलरना विकत घेतली, तिला ऑडिशन हे नाव दिले आणि कालांतराने तीही भाडेपट्टीच्या गोठ्यात बांधली.

लहान गावांत अशा प्रणालींच्या चोरट्या प्रती सर्रास वापरल्या गेल्या, हे उघड गुपित आहे. यावर नाक मुरडणाऱ्यांनी एवढेच सांगावे की ज्या प्रणालीचे मोल गायकाच्या आणि ढोलकऱ्याच्या वर्षभराच्या कमाईहून अधिक होते, ती कायदेशीर मार्गाने घेण्याचा कोणता रस्ता त्यांच्यापुढे खुला होता? परंतु चोरट्या प्रतीला क्रांती समजणाऱ्या उत्साही मंडळींनाही खडसावले पाहिजे. चोरट्या प्रतीने मालकी मोडत नाही, ती फक्त चुकविली जाते. उलट त्या प्रतींनी एक अख्खी पिढी कंपनीच्याच सवयीत घडविली आणि मालकाला फुकटची शिकवणी मिळाली. पुढे संगणक बदलला, प्रत चालेना, आणि शेकडो गाण्यांची सेशन जुन्या हार्ड डिस्कसह भंगारात गेली. ज्याने पैसे दिले नाहीत त्याला तक्रार करण्यासही जागा उरली नाही. समाजवाद्यांचा मार्ग चोरीचा नाही, सामाईक मालकीचा आहे.

तो मार्ग काल्पनिकही नाही. ऑडॅसिटी ही मुक्त प्रणाली २००० सालापासून विनामूल्य उपलब्ध आहे. तिचे नाव २०२१ मध्ये एका कंपनीने घेतल्यावर गदारोळ झाला, पण तिचा मूळ संकेत खुला असल्याने तो कोणी कुलुपात घालू शकला नाही. अर्डूर ही व्यावसायिक दर्जाची मुक्त प्रणाली दोन दशकांहून अधिक काळ विकसित होत आहे. युरोपीय प्रसारण संघटनेने १९९७ मध्ये ब्रॉडकास्ट वेव्ह हा खुला फाइलप्रकार प्रमाणित केला, आणि जगातील ध्वनिसंग्रहालये जतनासाठी त्याचाच आग्रह धरतात. डॉ. लोहियांनी लहान यंत्राची कल्पना मांडली, तीत सामान्य माणसाला जे घेता येईल व चालविता येईल, अशा यंत्राचा आग्रह होता. संगणकयुगात त्या कल्पनेचे इतके चपखल उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

या प्रतिपादनावर तीन आक्षेप येतील. त्यांचा परामर्श घेतला पाहिजे.

पहिला आक्षेप बाजारपेठेच्या भाटांचा. जुने जाणार, नवे येणार, हा निसर्गनियम आहे, असे ते म्हणतात. निसर्गाने आजवर एकही परवाना रद्द केलेला नाही. चालू स्थितीतील प्रणाली बंद पाडली जाते, ती संचालक मंडळाच्या ठरावाने. ज्याला नियम म्हणून खपविले जाते ते धोरण आहे, आणि धोरण बदलता येते.

दुसरा आक्षेप जुन्या साधनांच्या प्रेमात पडलेल्या तंत्रज्ञांचा. जुन्या प्रणालीच अधिक नेटक्या होत्या, त्यांचा ध्वनीच वेगळा होता, असे ते सांगतात आणि जुने संगणक देव्हाऱ्यात ठेवतात. त्यांच्या आस्थेचा अनादर करण्याचे कारण नाही. जुने यंत्र चालू ठेवणारा माणूस नसेल तर जुनी फाइल उघडणारच नाही. पण त्या आस्थेचे पूजेत रूपांतर झाले की ती निरुपयोगी ठरते. जुन्या प्रणाली काही गरिबाच्या सोयरिकीतल्या नव्हत्या. १९९१ मधील चार पट्ट्यांचे पहिले प्रो टूल्स सुमारे ६,००० डॉलरचे होते. त्या यंत्रांची खरी सेवा म्हणजे त्यांच्या पोटातला आवाज बाहेर काढून खुल्या प्रकारात आणणे आणि तो ज्यांचा आहे त्यांच्या हाती देणे.

तिसरा आक्षेप घरातलाच आहे, म्हणून अधिक गंभीर. धडगाव-अक्कलकुव्यात कुपोषण आहे, पावसाळ्यात रुग्णाला बांबूच्या झोळीतून न्यावे लागते, हंगाम संपला की माणसे गुजरातेत ऊसतोडीला जातात. अशा वेळी फाइलींचा प्रश्न कसला काढता, असे निष्ठावंत कार्यकर्ते विचारतील. प्रश्न रास्त आहे, पण त्याची मांडणी चुकीची आहे. भाकरी आणि स्मृती यांत निवड करण्याची पाळी श्रीमंतांवर कधी येत नाही. त्यांची खरेदीखते, वंशावळी, न्यायालयीन निवाडे सारे सुरक्षित असते, आणि त्याच्याच बळावर ते भाकरीचा वाटा ठरवितात. ज्याचे दप्तर नाही त्याचा हक्कही नाही, हा या व्यवस्थेचा न्याय आहे.

याचे सर्वांत कठोर उदाहरण नर्मदाकाठी घडले. सरदार सरोवरात महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. मणिबेलीत १९९३ च्या पावसाळ्यात घरांत पाणी शिरले. डोमखेडीत १९९९ मध्ये लोक चढत्या पाण्यात उभे राहिले. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला पोहोचला. ज्या डोंगरउतारांची, देवस्थानांची, शेतांची नावे गाण्यात होती, ती ठिकाणे आता पाण्याखाली आहेत. तेथे पंचनामा करायला कोणी जाऊ शकत नाही. उरला आहे तो आवाज. आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांच्या १९९५ च्या ‘अ नर्मदा डायरी’त त्यातील काही जपला गेला. नंदिनी ओझा यांनी आंदोलनातील माणसांच्या मुलाखती परिश्रमपूर्वक ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतून या जिल्ह्यातील केशव वसावे व केवलसिंग वसावे यांचे कथन ‘लढा नर्मदेचा’ या ग्रंथरूपाने मराठीत आले. ही कामे व्यक्तींच्या जिद्दीवर उभी राहिली. जे राज्य गाव बुडविण्यासाठी मीटरच्या दशांशापर्यंत हिशेब ठेवते, त्या राज्याला बुडणाऱ्या गावाचा आवाज जपण्याचे कर्तव्य वाटू नये, याला काय म्हणावे?

वेळ फार उरलेला नाही. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्येच बजावले होते की चुंबकीय फिती वाजविणारी यंत्रे व त्यांचे सुटे भाग २०२५ च्या सुमारास दुर्मीळ होतील. ती मुदत आली आहे. डॅट फितींची यंत्रे बनविणे सोनीने २००५ मध्येच थांबविले. फीत जाते आहे आणि फितीची जागा घेणारी फाइल तिच्याही आधी जाते आहे, असा हा दुहेरी पेच आहे.

शासनाला नवे धोरण शोधण्याचीही तसदी नको. ई-कारभारात खुल्या मानकांचा वापर करण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१० मध्ये आणि मुक्त सॉफ्टवेअरचा अंगीकार करण्याचे धोरण २०१५ मध्ये जाहीर केले. खाजगी लिपीतील फाइल वाचण्यासाठी आवश्यक ती माहिती शोधून काढण्याची मुभा प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ कायदेशीर वापरकर्त्याला देते. कागदावर सारे आहे. मग सार्वजनिक पैशातून झालेले प्रत्येक ध्वनिमुद्रण खुल्या प्रकारात जमा करण्याची अट आदिवासी विकास विभाग, आकाशवाणी आणि विद्यापीठे यांना का घातली जात नाही? पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने आपल्या साऱ्या ध्वनिसंग्रहाची यादी गावनिहाय जाहीर का करू नये? नंदुरबारच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जुनी यंत्रे दुरुस्त करणारे व मुक्त प्रणालीवर ध्वनिसंकलन करणारे आदिवासी तरुण का तयार होऊ नयेत? आणि या आवाजांचा संग्रह दिल्ली-मुंबईच्या वातानुकूलित तळघरात न राहता त्याची एक प्रत जिल्ह्यात, ग्रामसभांच्या नियंत्रणाखाली का असू नये? पेसा कायदा १९९६ चा आहे. आपल्या परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार त्याने ग्रामसभेला दिला आहे. त्या अधिकाराला हात आणि कान हवेत.

मात्र शासनाकडे बोट दाखवून चळवळीला स्वतःची सुटका करून घेता येणार नाही. शिबिरांच्या, मोर्चांच्या, सालदारांच्या सभांच्या ध्वनिफिती पक्षकार्यालयांच्या कपाटांत आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या पेट्यांत पडून आहेत. ज्या चळवळीने गावोगाव सातबारे तपासले, तिने आपली कपाटे तपासलेली नाहीत. येत्या पावसाळ्याच्या दमटपणापूर्वी प्रत्येक तालुका समितीने फिती, तबकड्या व जुन्या हार्ड डिस्क यांची यादी करावी. बोलणाऱ्याचे नाव, गाव, भाषा आणि साल हयात माणसांना विचारून लिहून घ्यावे. बंद प्रणालीत अडकलेले ध्वनी खुल्या वेव्ह प्रकारात काढून घ्यावेत आणि तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात. बोलणाऱ्याची वा त्याच्या कुटुंबाची संमती घेतल्यावाचून एकही आवाज बाहेर जाऊ नये. कारण कंपनीची मालकी हटवून तेथे पक्षाची मालकी बसवायची नाही. हे काम करायला परदेशी भांडवल लागत नाही. एक जुना टेपरेकॉर्डर, एक साधा संगणक, एक मुक्त प्रणाली आणि त्या त्या गावची भाषा समजणारा एक तरुण एवढे पुरते.

सावकाराच्या पेटीतले कागद बाहेर काढण्यासाठी या जिल्ह्यातील माणसांना एकदा रस्त्यावर उतरावे लागले. आजची पेटी अदृश्य आहे आणि तिचा मालक सात समुद्रांपलीकडे आहे, एवढाच फरक. तिच्यात आवाज पडून आहेत, आणि ते ओळखू शकणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. यादीचे काम त्या माणसांपासून सुरू झाले पाहिजे, यंत्रांपासून नव्हे.